आता सुलट कर

६ फेब्रुवारी

भिंगरी,

सुखरूप पोचलो. दोन्ही कोपरांच्या आत निळेजांभळे डाग आहेत. तुझ्या हॉस्पिटलातल्या त्या पोरीला शीर सापडता सापडत नव्हती. घरी आल्यावर लेकीने बाही वर करून पाहिली आणि विचारलं, "बाबा, तू कुणाशी मारामारी केलीस?" मी म्हटलं, आत्याशी. तिला ते लगेच पटलं.

फोन न करता पत्र का, ते तुला ठाऊक आहे. फोनवर आपण दोघं दोन वाक्यं बोलतो, तिसऱ्याला आई तुझ्या हातून फोन ओढून घेते आणि रडायला लागते. रडणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही, आणि मला वाद घालायचाय.

तर विषय असा. तुझ्या दोन्ही किडन्या गेल्या, माझ्या दोन्ही शाबूत आहेत आणि आपलं रक्त जुळतंय. बाकीचे रिपोर्ट यायचेत, पण आई, मावशी, ऑफिसातले लोक सगळे आत्तापासून माझ्याकडे असे बघतायत की मी एखाद्याच्या दारात पाय रोवून वाट अडवून उभा आहे. मला अजून कुणी काही विचारलेलं नाही. सगळ्यांनी ठरवून टाकलंय.

काल एका जुन्या इमारतीच्या लिफ्टची तपासणी होती. वर मशीनरूममध्ये मोठ्या चाकावरून पाच दोर खाली जातात. त्यातला एकटा दोरसुद्धा भरलेली लिफ्ट पेलू शकतो. मग बाकीचे चार काय शोभेला आहेत? समज, शेजारच्या इमारतीची लिफ्ट दोराअभावी बंद पडली आणि मी इथला एक काढून तिकडे दिला. माझी नोकरी जाईल, आणि जायलाच हवी. जास्तीचं दिसतं ते जास्तीचं नसतं, भिंगरी. ते वाईट दिवसासाठी ठेवलेलं असतं. याला उत्तर दे.

हे लिहिताना बाबांचं दुकान डोळ्यांसमोर आलं. शर्ट शिवून झाला की ते तो आधी उलटा करायचे, आतली शिवण न् शिवण बघायचे आणि मगच सुलटा करून घडी घालायचे. आपल्यालाही त्यांनी तसंच वाढवलं. तू भाषा शिकायला बाहेर जायचं ठरवलंस तेव्हा रोज जेवताना तुलाच 'का जाऊ नये' ते मांडायला लावलं होतं. तू इतकं झोकात मांडलंस की आईने तुझी भरलेली बॅग रिकामी करून टाकली! शेवटी बाबा म्हणाले, "बास. आता सुलट कर." आणि तू गेलीस.

लवकर लिही. मला एका जागी बसवत नाहीये.

दादा


१४ फेब्रुवारी

दादा,

डाव्या हातात सुया आहेत, उजव्याने लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर मशीनला बोल लाव. आठवड्यातून तीनदा ते माझं रक्त बाहेर काढतं, धुतं आणि परत देतं. तोवर हलायचं नाही. लहानपणी तूच मला भिंगरी म्हणायचास ना? आता ये आणि बघ, भिंगरीला खुर्चीत कसं बसवून ठेवलंय ते.

तुझा दोराचा दाखला आला. वाचून हसले आणि मग चिडले. एक तर लिफ्टला बहीण नसते. दुसरं, तू दोर मोजलेस, माणसं मोजली नाहीस. त्या शेजारच्या बंद लिफ्टमध्ये कोण अडकलंय? कुणी असेल, आणि त्याला श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर तुझी नोकरी गेली तरी तू दोर काढशील. मी ओळखते तुला. तू दाखला रचतानाच ती लिफ्ट रिकामी ठेवलीस.

इथे तर दिवसभर हेच चालतं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर घड्याळं दुरुस्त करणारे एक काका असतात. त्यांचं म्हणणं, किडनी उघड विकायला परवानगी हवी. माणूस केस विकतो, घाम विकतो, मग हे का नको? त्यावर सिस्टर म्हणाली, "मग मतही विकू द्या की." समोरचे मास्तर म्हणाले, मेल्यावर सगळ्यांच्याच काढून घ्याव्यात, रस्त्यासाठी सरकार जमीन घेतं तसं. त्यावर त्यांच्या बायकोला रडू फुटलं. कोर्टात दुभाष्याचं काम करताना मी वकिलांचे असे शेकडो दाखले या भाषेतून त्या भाषेत केलेत, दादा. प्रत्येकात निकाल आधीच आत शिवलेला असतो. वकिलाला फक्त तो सगळ्यांसमोर बाहेर काढायचा असतो.

आणि ती समन्वयक बाई. देणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देणं हे तिचं काम. ती 'भेट' म्हणते. 'तुमचे बंधू तुम्हाला भेट देणार.' भेट आवडली नाही तर कपाटात ठेवून देता येते, बाई!

एक खरं सांग. हे तुझं बाबांच्या जेवणाच्या टेबलावरचं चाललंय, की मनातलं? एका शब्दात कळव. बाकी वाद मग घालू, मला वेळच वेळ आहे.

भिंगरी


२५ फेब्रुवारी

भिंगरी,

बरं, तुझ्या लिफ्टमध्ये माणूस ठेवला. आता पुढे चल.

आमचे साहेब म्हणतात, "अहो, बुडणाऱ्याला काठावरून हात द्यायचा, त्यात एवढा विचार कसला?" सगळ्यांना हा बुडणारा फार आवडतो. पण तो बाहेर आला की तुमचा हात तुम्हाला परत मिळतो ना? कोपरापासून कापून द्यायचा असता तर काठावर किती जण थांबले असते ते मला बघायचंय. साहेब तर नक्की नाही. ते रक्त द्यायच्या दिवशी सुट्टी टाकतात.

समज, शेजारचं घर कोसळलं. माझ्या घराची एक भिंत देऊन ते उभं राहणार आहे. मी आपणहून दिली तर तो माझा मोठेपणा. नाही दिली तर गुन्हा आहे का? कुठल्या कोर्टात? तुझ्याच कोर्टात विचारून सांग. जे दिलं तर उपकार, ते न दिलं तर पाप कसं होतं? एकाच गोष्टीला दोन्ही नावं लावता येणार नाहीत. पण इथे सगळ्यांनी मला आधीच पापी ठरवून ठेवलंय. काल आईचा फोन आला. "ती तुझी बहीण आहे," एवढंच म्हणाली. आई, मी विसरलो होतो का?

आणि समज, मी भिंत दिली, आणि काही वर्षांनी माझ्या लेकीचं घर हललं. तेव्हा मी काय देऊ? तिला काय सांगू, की तुझी भिंत आत्याकडे गेली? याचं उत्तर मला कुणीच देत नाही. घड्याळवाल्या काकांना विचार.

तुझी वहिनी काही बोलत नाही. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालते, मोडते, परत घालते. मी चिडून म्हटलं, काहीतरी बोल. तर म्हणाली, "तुझं पोट, तुझी बहीण. मी बोलले तर जन्मभर माझ्या नावावर राहील." शहाणी आहे. पण अशा शहाणपणाचा घरात फार त्रास होतो.

ऑफिसात लक्ष नाही. एकाच लिफ्टचा ब्रेक दोनदा तपासला, आणि शेजारचीचा तपासायचाच राहिला. मदतनीसाने सांगितलं म्हणून बरं. याला उत्तर दे, आणि नीट दे. हसण्यावारी नेऊ नकोस.

दादा


४ मार्च

दादा,

उत्तर नाही सुचत. तू जिंकलास, टाळ्या.

इकडे सगळं छान. डॉक्टर म्हणाले, काही घाई नाही, मशीनवर लोक वर्षानुवर्षं मजेत राहतात. एक बाई तर खुर्चीत बसून स्वेटर विणते; तिचे सगळे नातेवाईक उन्हाळ्यातही स्वेटर घालून फिरतात म्हणे.

आईची काळजी करू नकोस, तिला मी समजावलंय. ती आता फोन करून काही बोलणार नाही. लेकीचं पोहणं कुठवर आलं? तिला सांग, आत्याने विचारलंय. वहिनीला म्हणावं, घड्या पुरे.

भिंगरी


१९ मार्च

भिंगरी,

तुला कळलं असेलच. परवा त्या समन्वयक बाईंचा फोन आला. मी एका लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात उतरलो होतो, आवाज नीट येत नव्हता, म्हणून शिडी चढून वर आलो. त्या म्हणाल्या, "ही जोडी जमत नाहीये, आम्ही थांबवतोय. तुम्ही वेळ दिलात, आभारी आहोत." मी विचारलं, काय जमत नाही? त्या म्हणाल्या, तपशील सांगता येणार नाही.

काय लिहू? फार वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं. मी सगळ्यांना सांगितलं. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, "तुम्ही तयार होतात हेच खूप," म्हणाले. मावशीचा फोन आला, तीही तेच म्हणाली. आई मात्र नुसतं "बरं" म्हणाली.

आता मी मामांच्या मुलाशी बोलतो. ऑफिसातही एक जण म्हणत होता की बायकोशी विचार करून सांगतो. आपण हात टेकायचे नाहीत. मी सगळीकडे फोन करतोय, दिवसभर फोनच करतोय.

एक मात्र मनातून जात नाही. माझ्यात असं काय बिघडलंय? साखर? रक्तदाब? इथल्या डॉक्टरांना सगळे रिपोर्ट दाखवून घेतो. तुझी वहिनीही मागे लागलीये.

धीर धर. मी आहे.

दादा


२८ मार्च

दादा,

इतकं मनाला लावून घेऊ नकोस. नाही जमलं तर नाही जमलं. माझं नाव रांगेत लागलंय, कुणाचं तरी मिळेल.

आणि ते रिपोर्ट कशाला दाखवत बसतोस? तुला काहीही झालेलं नाही. असतं तर त्यांनी सांगितलं नसतं का? या गोष्टी फार बारीक असतात, साध्या डॉक्टरांना त्यातलं कळत नाही. उगाच डोक्याला ताप करून घेशील. फेकून दे ते कागद.

मामांच्या मुलाला फोन करू नकोस. त्याच्या बायकोने मला मेसेज पाठवला, की त्याला सुया बघून चक्कर येते. बिचारा पळवाट शोधतोय, शोधू दे.

थोडी दमते हल्ली. म्हणून पत्र छोटं.

भिंगरी


९ एप्रिल

भिंगरे,

डॉक्टरांनी सगळे कागद टेबलावर पसरले, पुन्हा पुन्हा पाहिले आणि हसायला लागले. म्हणाले, "तुमच्या वयाच्या माणसाचे असे रिपोर्ट मी फ्रेम करून लावतो. आणि जुळणी तर सख्ख्या भावंडांतही क्वचित दिसते इतकी चांगली आहे. कोण म्हणालं जमत नाही?"

घरी येऊन मी तुझ्या वहिनीवर ओरडलो. मला वाटलं, तिनेच त्या बाईंना गुपचूप फोन केला असणार. नको नको ते बोललो. लेक दुसऱ्या खोलीत होती, तिने रेडिओ मोठा केला. तुझी वहिनी शांतपणे म्हणाली, "मी त्या बाईंना फोन केला होता. महिन्याभरापूर्वी. ऑपरेशननंतर तुझ्या खाण्यापिण्याचं काय करायचं ते विचारायला. झालं तुझं?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलतेय.

मग मी बसून तुझं मागचं पत्र पुन्हा वाचलं. 'तुला काहीही झालेलं नाही.' तुला कसं माहीत? 'फेकून दे ते कागद.' का?

तू थांबवलंस ना?

हो किंवा नाही लिही. एकही दाखला नको.

दादा


१५ एप्रिल

हो.

मी त्या बाईंना सांगितलं, भावाकडून घ्यायची नाही. घेणाऱ्यालाही नको म्हणायचा हक्क असतो, त्यांनी कारणसुद्धा विचारलं नाही. फक्त तुला काय सांगायचं हे विचारलं. मी म्हटलं, जमत नाही म्हणून सांगा. ते खोटं नव्हतंच. आपलं जमतच नव्हतं.

माझं काम काय आहे, दादा? समोरचा जे बोलला ते जसंच्या तसं दुसऱ्या भाषेत सांगायचं. पदरचं घालायचं नाही, गाळायचं नाही. मी तुझी पत्रं तशीच वाचली. एकात पाच दोर, एकही सुटा करता येत नाही. दुसऱ्यात कापलेला हात. मग भिंत. मग लेकीचं घर. या सगळ्याचं एका वाक्यात भाषांतर काय होतं? 'मला द्यायची नाही.' हे वाक्य तू लिहू शकत नव्हतास, म्हणून मी तुझ्यासाठी ते त्या बाईंना बोलून दाखवलं.

बाबांचा खेळ मला आठवत नव्हता असं समजू नकोस. मी तुला विचारलं होतं, १४ फेब्रुवारीच्या पत्रात. टेबलावरचं की मनातलं, एका शब्दात कळव. तू चार पानं लिहिलीस आणि तो एक शब्द लिहिला नाहीस. बाबा शर्ट उलटा करायचे, खरंय. पण उलटाच गिऱ्हाइकाच्या हातात कधी दिला नाही. तू मला उलटाच दिलास.

मला तुझी भीक नकोय. आणि ज्याच्या मनात नाही त्याच्या पोटातलं काही घेऊन मी जगायचं, रोज सकाळी उठून आरशात त्याच्याकडे बघायचं, हे मला झेपणार नाही. तुला मोकळं केलं. वहिनीची माफी माग.

भिंगरी


२४ एप्रिल

भिंगरी,

मागितली. तिने माफ केलं की नाही कळत नाही, पण चहा दोघांचा केला.

आधी तुझ्यावर ओरडून घेतो. माझ्या पोटाचा निर्णय मला न विचारता घेणारी तू कोण? आईने बॅग रिकामी केली होती, आठवतंय ना? तू बाबांशी वाद घालत होतीस आणि ती बिचारी आतून ऐकून तुझे कपडे कपाटात लावत होती. त्यावर आपण वर्षानुवर्षं हसलो. आणि तू, बाबांच्या टेबलावर माझ्या शेजारी बसून जेवलेली, तू नेमकं तेच केलंस? मी उलट बाजू मांडत होतो, मूर्ख मुली! पहिलं पत्र लिहिलं तेव्हा माझं ठरलं होतं. गाडीतून येतानाच ठरलं होतं. मला वाटलं, तू एकेक दाखला खोडून काढशील, मी हरेन, आणि मग म्हणेन, घे, आता सुलट करतो. तुझा तो एका शब्दाचा प्रश्न आला तेव्हा मला हसू आलं. हिने असं विचारायचं असतं का, खेळ मोडतो ना, असं वाटलं.

हे असं लिहून कालच पाकीट बंद केलं होतं. आज फोडलं. कारण ते सगळं खरं आहे आणि तरी पुरतं खरं नाही.

त्या बाईंचा फोन आला त्या दिवशी मी शिडीच्या वरच्या पायरीवर बसून राहिलो. मग कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेलो आणि पोटभर जेवलो. कित्येक दिवसांत तसा जेवलो नव्हतो. परत येताना शीळ वाजवत होतो. मदतनीस म्हणाला, "साहेब, आज खुशीत?" तेव्हा मला कळलं की मी शीळ वाजवतोय.

म्हणून ते रिपोर्ट दाखवायला गेलो. काळजी वगैरे काही नव्हती. माझ्यात खरोखर काहीतरी बिघाड निघावा, म्हणजे ती शीळ मला माफ होईल, असं वाटत होतं. डॉक्टर ठणठणीत म्हणाले तेव्हा मला थोबाडीत मारल्यासारखं झालं.

तेव्हा तू सगळंच चुकीचं वाचलं नाहीस. पहिलं पत्र खेळ होता. दुसरं लिहिताना कुठेतरी मधेच तो उलटा शर्ट माझ्याच अंगात चढला. भिंतीचं लिहिताना मला हरायचं नव्हतं. लेकीचं लिहिताना तर मुळीच नाही. तो दाखला नव्हताच, ती भीती होती, तिला मी भिंतीचे कपडे घातले. सरळ 'मला भीती वाटते' असं लिहिलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? तुला मी भित्रा दिसलो असतो. दाखला दिला की माणूस विचारी दिसतो.

आता एकच राहिलं. आईने सांगितलं, डॉक्टरांनी समजावलं, साहेबांनी बुडणारा काढला, मावशीने देव काढला. तू एकदाही मागितली नाहीस. कधीच नाही. माझे दाखले खोडलेस, विनोद केलेस, मला मोकळं केलंस. मागितलं नाहीस.

दादा


२ मे

दादा,

पाच-सहा कागद फाडले. प्रत्येक 'समज'पासून सुरू होत होता.

घड्याळवाल्या काकांची खुर्ची सोमवारी रिकामी होती. बुधवारी तिथे दुसरा माणूस होता. सिस्टरने चादर बदलली. किडनी विकू द्यावी की नाही, हा वाद अर्धाच राहिला.

काही घाई नाही असं डॉक्टर म्हणाले होते, ते मी रचलं होतं. ते म्हणाले होते, लवकर करा. मागच्या आठवड्यात कोर्टात एक साक्षीदार बोलत होता आणि मला पुढचा शब्दच सापडेना. सगळे माझ्याकडे बघत होते. रक्त नीट धुतलं जात नाही तेव्हा डोकं असं होतं म्हणे. न्यायाधीशांनी पाणी मागवलं. ते फार चांगले वागले, आणि आता मला कमी बोलावतात.

कोर्टात मला साक्षीदाराच्या जागी बोलायचं असतं. तो म्हणाला मी पळालो, की मीही म्हणायचं, मी पळालो. इतकी वर्षं 'मी मारलं नाही', 'मी पाहिलं', 'मला घर हवं', 'मला मूल परत द्या' हे सगळं मी मोठ्याने, भर कोर्टात, न अडखळता म्हटलंय. त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. माझं स्वतःचं म्हणायची वेळ आली तेव्हा मी तुला मोकळं करून मोठी झाले. ते सोपं होतं. मागून तू नाही म्हणाला असतास तर?

म्हणून आता लिहिते.

दादा, मला तुझी एक किडनी हवी आहे. मला जगायचंय. मला कामावर जायचंय, पोटभर पाणी प्यायचंय, आणि तुझ्या लेकीचं लग्न होईल न होईल, तिच्याशी भांडायला मला असायचंय.

तिला पुढे लागली तर काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी शोधलं. नाही सापडलं. तुला त्या भीतीसकट द्यावी लागेल.

नाही म्हणालास तरी चालेल, असं मी लिहिणार नाही. चालणार नाही. मला राग येईल आणि तो बराच काळ राहील. पण तू माझा दादाच राहशील, आणि मी तुला पत्र लिहीत राहीन, जमेल तोवर.

त्या बाईंना मी अजून काही कळवलेलं नाही. आधी तू.

भिंगरी


७ मे

भिंगरी,

देतो.

त्या बाईंना आज मीच फोन केला. त्या म्हणाल्या, तुमच्या बहिणीने स्वतः कळवायला हवं. तेव्हा उद्या सकाळी जाऊन सांग. काही तपासण्या पुन्हा होतील. त्या पोरीला म्हणावं, या वेळी शीर एकदाच शोध. रविवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. तुझी वहिनी बरोबर येतेय. तिने माझी बॅग भरली, आणि मी बघतोय की नाही ते बघून, पुन्हा एकदा दाबून भरली. लेक मावशीकडे राहील. तिला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "दुखेल?" मी म्हटलं, हो. "भीती वाटते?" मी म्हटलं, हो. मग ती म्हणाली, "तरी जाणार?" मी म्हटलं, हो. तिने एवढ्यावर सोडलं.

रात्री उठून लेकीच्या खोलीत डोकावून येतो. ही भीती मी ऑपरेशनच्या टेबलापर्यंत अशीच घेऊन येणार आहे, जाईल असं वाटत नाही.

आईला सांग, स्टेशनवर येऊन रडायचं नाही. घरी रडू दे.

दादा